डेल हार्डकॅसलच्या दातांखाली

मी एक माउथगार्ड बोलतोय. दातांवर चढवायचं, घोड्याच्या नालेसारखं दिसणारं जाड कवच. खेळाडूच्या तोंडात बसणं हेच माझं काम, त्यामुळे आयुष्यभर मी दुसऱ्यांचे शब्द बोबडे केले. स्वतः बोलायची ही पहिलीच वेळ. आवाज चढला तर सांभाळून घ्या. राग आहे, आणि तो लपवायला मी काही क्लबचा अध्यक्ष नाही.

उत्तर इंग्लंडमध्ये, टेकड्यांच्या खोबणीत कॉलबेक नावाचं गाव आहे. तिथल्या एका दंतवैद्याच्या खोलीत माझा जन्म झाला. डेल हार्डकॅसल तेव्हा विशीतला होता. कॉलबेक रोव्हर्स या रग्बी लीग क्लबचा आघाडीचा गडी. पाय इतके लांब की खुर्चीतून अर्धे बाहेर. दंतवैद्याने त्याच्या तोंडात गुलाबी लगदा कोंबला, साचा काढला, आणि मला तापवून त्या साच्यावर दाबलं.

"समोरचे दोन दात कुठे गेले रे?" त्याने विचारलं.

"एक धाकट्या भावाने पाडला, एक मैदानात गेला."

"मैदानातला कोणता?"

"ते नाही सांगता येत. दोन्ही रविवारीच पडले."

असा मी त्याचा झालो. ती फट, तो वाकडा सुळा, सगळं माझ्यात उमटलं. इतर खेळाडू दर हंगामात माझ्यासारखे नवे घेतात. डेलने मला बदललं नाही. पहिल्याच सामन्यात आम्ही जिंकलो, आणि खेळाडू असल्या गोष्टीत फार देवभोळे असतात.

डेलला स्वस्थ बसता यायचं नाही. मैदानात तो मला चावायचा ते ठीकच, पण गाडीत चावायचा, टीव्हीपुढे चावायचा, दुकानात रांगेत उभा असला की चावायचा. दिवसा तो गाद्यांच्या कारखान्यात कामाला होता. आमचा क्लब खालच्या गटातला, तिथे सगळ्यांनाच पोटासाठी दुसरी नोकरी करावी लागते. दिवसभर गाद्या उचलायचा आणि स्वतःला मात्र धड झोप नाही. मंगळवारी आणि गुरुवारी सराव, रविवारी सामना, सोमवारी बरगड्या धरून पुन्हा गाद्या.

"काढ ते तोंडातून," त्याची बायको कर्स्टी म्हणायची. "जेवायला बसलोय आपण. कुत्र्यासारखं काय चघळत असतोस?"

"विचार करतोय."

"तू चघळायला लागलास ना, की विचार सोडून बाकी सगळं करतोस."

त्याचं मैदानातलं काम सांगतो. एका संघात तेरा गडी असतात. त्यातले चपळ, देखणे, पळणारे वेगळे. त्यांचे फोटो छापून येतात. आघाडीच्या गड्याने चेंडू काखेत मारून समोरच्या तिघांच्या अंगावर जायचं. आपटायचं, उठायचं, पुन्हा जायचं. समोरचा तसाच अंगावर आला की त्याला पाडायचं. प्रत्येक धडकेला माझ्यातून त्याच्या कवटीपर्यंत एक कळ जायची. मी दात वाचवायचो. दातांच्या वर जे आहे ते माझ्या हातात नव्हतं.

एकदा डोंगरापलीकडच्या मोठ्या क्लबाचा माणूस कारखान्याच्या फाटकाशी आला. अंगात सुरेख कोट होता. म्हणाला, इकडे ये, नोकरी सोड, नुसतं खेळ. त्या संध्याकाळी डेलने मला इतकं चावलं की माझी एक कड कायमची वळली.

"जा ना," कर्स्टी म्हणाली. "वाट कसली बघतोस?"

"मग इथे कोण खेळणार?"

"अरे बाबा, तू जन्मायच्या आधीही क्लब होताच की."

तो गेला नाही. का गेला नाही हे त्याने कुणाला नीट सांगितलं नाही, पण मला माहीत आहे. आमच्या मैदानाच्या एका बाजूला पत्र्याचं छप्पर आहे. त्याखाली पिढ्यान्‌पिढ्या तीच माणसं उभी राहतात, एकाच जागी, एकाच कठड्याला टेकून. ती त्याला "आमचा डेल" म्हणायची. हार झाली तरी "आमचा डेल". मांसाच्या पेस्ट्रीच्या दुकानात बाई मटारावर जास्तीची ग्रेव्ही ओतताना म्हणायची, "आमच्या डेलला नीट वाढा गं." हे 'आमचा' कोट घालून आलेल्या माणसाकडे नव्हतं.

क्लबचे अध्यक्ष मिस्टर लमली. कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची घरं, विकायचा धंदा. या माणसाने माझ्या डोळ्यांदेखत प्रशिक्षक बदलले, जर्सीचा रंग बदलला, क्लबच्या चिन्हावरचा मेंढा काढून तिथे कसलीशी ज्वाला बसवली. आणि हाच माणूस प्रत्येक जेवणावळीत पेला उंचावून डेलकडे बघत म्हणायचा, "निष्ठा! निष्ठा शिकावी तर यांच्याकडून!" मला सांगा, ज्याने स्वतः काहीच एका जागी ठेवलं नाही, त्याला दुसऱ्याच्या निष्ठेचं एवढं कौतुक का असावं? कारण ती फुकट मिळते.

आता वॉलीबद्दल सांगायला हवं. वॉल्टर क्रॉशॉ, आमचा कपडेपटाचा माणूस. जर्सी धुणं, बुटांचे खिळे घट्ट करणं, सामन्यात पाण्याच्या बाटल्या घेऊन धावणं, हे सगळं त्याच्याकडे. स्वतःच्या काळात तोही रोव्हर्सचा आघाडीचा गडी होता, डेलच्याच जागेवर. कान फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे, नाक तीन दिशांना. डेल पहिल्यांदा संघात आला तेव्हा वॉलीने त्याला कोपऱ्यातल्या खुंटीखाली बसवलं. "इथे बस, पोरा. ही माझी जागा होती. इथे बसणाऱ्याने पुढे जायचं, मागे बघायचं नाही."

जिंकल्यावर खोलीत क्लबचं गाणं म्हणतात, ते वॉलीच सुरू करायचा. गाण्यातला शब्द तो कधीच विसरला नाही. बाकीचं मात्र निसटायला लागलं होतं.

सामन्याआधी प्रत्येकाच्या खुंटीवर त्याच्या क्रमांकाची जर्सी टांगायची, हे वॉलीचं काम. हळूहळू जर्सी चुकायला लागल्या. आघाडीच्या मधोमध खेळणाऱ्या हुकरच्या खुंटीवर कडेने पळणाऱ्या विंगरची, विंगरच्या खुंटीवर राखीव खेळाडूची. मुलं खोलीत यायची, बघायची, आणि वॉलीची पाठ वळली की गुपचूप आपसात बदलून घ्यायची. हा नियम डेलने घालून दिला होता. संघात नव्याने आलेला एकजण हसला, तेव्हा डेलने त्याला भिंतीशी नेलं.

"काय हसलास?"

"काही नाही. म्हटलं, म्हातारा पार—"

"म्हातारा काही नाही. जर्सी उचल, बदल, आणि वॉलीला म्हण, झकास टांगल्यास. म्हण."

"झकास टांगल्यात हो, वॉली."

"टांगणारच," वॉली मागून म्हणाला. "तुमच्या आईने नाही टांगल्या."

सगळे हसले. किती छान वाटलं होतं तेव्हा. मी डेलच्या मुठीत होतो, आणि मलाही वाटलं, काय माणसं आहेत ही! एकमेकांना कशी सांभाळून घेतात!

अशीच आणखी एक सांभाळून घ्यायची रीत मैदानात होती, आणि तिच्यासाठीच मी हे सगळं बोलतोय.

डोक्याला मार बसला की दुखापती बघणारी फिजिओ धावत येते आणि ठरलेले प्रश्न विचारते. आपण कुठल्या मैदानावर आहोत? पहिला हाफ की दुसरा? शेवटचे गुण कुणी केले? मागच्या आठवड्यात कुणाशी खेळलो? उत्तर चुकलं की बाहेर, आणि मग काही दिवस खेळायला बंदी. प्रश्न सगळ्यांना पाठ. म्हणून फिजिओ पोचायच्या आत जवळचा गडी बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने खाली वाकायचा आणि उत्तरं पुटपुटायचा. "दुसरा हाफ. गुण जेझने केले. मागच्या रविवारी जिंकलो." पडलेला गडी तीच उत्तरं फिजिओला द्यायचा आणि उठून पुन्हा रांगेत. यालाही ते मैत्रीच म्हणायचे. जो पुटपुटणार नाही तो कसला मित्र?

डेलला असं कितीदा उठवलं ते मी मोजलेलं नाही. डेल तर मोजूच शकला नसता. मला एवढंच कळत होतं की त्याचं चावणं बदललं होतं. पूर्वी तालात चावायचा, आता मध्येच थांबायचा, जणू काही शोधतोय. गाडी सुरू करून नुसता बसून राहायचा. कर्स्टीने दूध आणायला पाठवलं की रिकाम्या हाताने यायचा आणि तिच्यावरच चिडायचा.

"डेल, पुरे कर आता," ती म्हणायची. "सोळा वर्षं झाली. हंगाम संपला की थांब."

"बघू."

"बघू नाही. मला एक माणूस हवाय जो दूध आणायला जाऊन दूध आणतो."

"या वर्षी आपण वर चढतोय, कर्स्टी. एवढा एक हंगाम."

आणि खरंच, त्या वर्षी रोव्हर्स उपांत्य फेरीत पोचले. ही जिंकली की अंतिम सामना, तो जिंकला की वरच्या गटात. कॉलबेकच्या खिडक्यांत निळे-पांढरे झेंडे लागले. उपांत्य सामना समुद्राकाठच्या स्केलथ्वेटला होता. वारा असा की कोपऱ्यातले झेंडे जमिनीला समांतर.

त्या हंगामात फिजिओ नवी होती, वेल्समधून आलेली बेथन. बुटकी, आवाज खणखणीत. तिला नाडी बांधायची युक्ती पहिल्याच महिन्यात कळली होती. ती धावत आली की आधी ओरडायची, "सगळे लांब! नाड्या नंतर बांधा!"

दुसऱ्या हाफमध्ये डेल एकाला पाडायला खाली वाकला आणि त्याचं डोकं समोरच्याच्या कमरेच्या हाडावर आदळलं. मी तोंडातून उडालो आणि चिखलात पडलो. पुढचं सगळं मी गवतातून पाहिलं.

डेल गुडघ्यांवर बसला होता. डोळे उघडे, पण त्यांत कुणी नव्हतं. हुकर जेझ वाकायला निघाला.

"लांब, जेझ!" बेथन दुरूनच ओरडली.

जेझ मागे सरला. वॉलीला मात्र कुणी लांब केलं नाही. पाणी देणाऱ्याला कोण अडवणार? तो बाटली घेऊन आला, मला चिखलातून उचललं, पाण्याने धुतलं, आणि डेलच्या तळहातावर ठेवायला त्याच्या कानाशी वाकला.

बेथन समोर बसली. डेलच्या चेहऱ्यासमोर तिने चेहरा आणला. "डेल, सांग मला. आपण कुठल्या मैदानावर आहोत?"

वारा. मागे प्रेक्षकांचा गोंगाट. मग वॉलीचे ओठ हलले. मी दोघांच्या मध्येच होतो, मला स्पष्ट ऐकू आलं.

"बेल लेन, पोरा," वॉली पुटपुटला. "बेल लेन."

"बेल लेन," डेल म्हणाला.

बेल लेन म्हणजे कॉलबेकचं जुनं मैदान. डेल शाळेत जात होता तेव्हाच ते पाडलं. आता तिथे सुपरमार्केट आहे, आणि जिथे गोलचे खांब होते तिथे ट्रॉल्या लावतात. डेल त्या मैदानावर एकदाही खेळला नव्हता.

बेथनने पुढचा प्रश्न विचारलाच नाही. जेझने मान खाली घातली. वॉली मात्र समाधानाने उठला, डेलच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "शाब्बास. हो पुढे."

वॉलीने हे मुद्दाम केलं, असं नंतर गावात काहीजण म्हणाले. डेलला वाचवायला म्हणे. गोड कल्पना आहे, पण खोटी. मी त्याच्या हातात होतो. तो हात बेल लेनवरच होता. त्याने माहीत असलेलं खरं उत्तर दिलं होतं, मित्राला द्यावं तसं. आणि डेल, ज्याने वॉलीच्या चुकलेल्या जर्सी हंगामभर बदलल्या, ज्याला वॉलीचं विसरणं सगळ्यांहून जास्त माहीत होतं, त्या डेलने ते उत्तर तसंच उचललं. कारण त्याच्याकडे स्वतःचं एकही नव्हतं.

त्याला बाहेर नेलं. सामना आम्ही जिंकलो.

खोलीत गाणं झालं, वॉलीनेच सुरू केलं. डेल कोपऱ्यात बसून मला चावत होता. तोवर डोकं ताळ्यावर येत होतं. मिस्टर लमली ओल्या कोटातच आत आले आणि थेट बेथनकडे गेले.

"मान आखडली असेल त्याची. तशीच नोंद कर."

"मान नाही, डोकं. पुढच्या आठवड्यात तो खेळणार नाही."

"पोरी, पुढच्या आठवड्यात फायनल आहे."

"मला तारीख माहीत आहे, साहेब. त्याला माहीत नाही, हीच तर अडचण आहे."

लमली डेलकडे वळले. आवाज एकदम मऊ झाला. "डेल, राजा. सोळा वर्षं. ती काय यासाठी, असं बाकावर बसायला? तू सांग तिला. तू बरा आहेस. एक शेवटचा सामना. अख्खं गाव तुझ्याकडे बघतंय. निष्ठा म्हणजे—"

डेलचं चावणं थांबलं. तो लमलींकडे बघतच नव्हता. मी त्याच्या दातांत होतो, त्यामुळे त्याची मान जिकडे वळली तिकडेच मीही वळलो.

खोलीच्या दुसऱ्या बाजूला वॉली चिखलाने माखलेल्या जर्सी गोळा करत होता. गोळा करून पिशवीत टाकायच्या, तर तो एकेक जर्सी झटकून पुन्हा खुंटीवर टांगत होता. नीट, हाताने खांदे सरळ करत. सामना अजून व्हायचा असल्यासारखा. आणि मुलं, अंगावर टॉवेल गुंडाळलेली, एकेक जर्सी काढून योग्य खुंटीवर लावत होती. झकास टांगल्यात, वॉली. झकास.

डेलने मला तोंडातून काढलं.

"थांबा," तो म्हणाला. "हात लावू नका त्यांना."

सगळे थबकले. डेल उठला, भिंत धरत वॉलीपर्यंत गेला, आणि त्याच्या हातातली जर्सी हळूच घेतली.

"वॉली, मॅच झाली रे."

"झाली?"

"झाली. जिंकलो आपण."

वॉलीने टांगलेल्या सगळ्या जर्सींकडे एकदा पाहिलं. त्याचा चेहरा असा उतरला की मला तिथून निघून जावंसं वाटलं. "मग कुणी सांगितलं का नाही मला?" तो म्हणाला.

जेझने हातातली जर्सी पिशवीत टाकली.

डेल लमलींकडे वळला. "मी नाही खेळत."

"फायनल?"

"फायनलही नाही. पुढेही नाही."

"आत्ता डोकं ठिकाणावर नाही तुझं. उद्या बोलू."

"ठिकाणावर नाही, म्हणूनच आज बोलतोय. उद्या मी बरा होईन आणि हो म्हणेन."

अंतिम सामना रोव्हर्स हरले, थोडक्यात. त्यानंतरचा हिवाळा वाईट गेला. पत्र्याखालची माणसं भेटली की हवापाण्याचं बोलायची. पेस्ट्रीच्या दुकानातल्या बाईने एकदा म्हटलं, "तू असतास ना, डेल, तर..." आणि वाक्य तसंच सोडून दिलं. ग्रेव्ही मात्र मोजूनमापून ओतली. 'आमचा' गेलं. डेल घरात या खोलीतून त्या खोलीत फिरायचा, मला चावत, खेळ नाही तर रविवारी करायचं काय हे न कळून. कर्स्टी त्याच्याबरोबर दूध आणायला जायला लागली.

मग लमलींचा निरोप आला. क्लब डेलच्या निष्ठेचा मान ठेवू इच्छितो. वॉलीच्या हाताखाली कपडेपटाचं काम घे. म्हातारा थकलाय, हळूहळू त्याची जागा तुझीच. ऐकलंत? एका माणसाचं डोकं तुम्ही निकामी केलंत, दुसऱ्याचं करत होतात, आणि मान म्हणून त्याच खुंटीशी आणून बांधताय! संताप होतो माझा. डेलला मात्र संताप आला नाही. तो शांतपणे वॉलीच्या दारात गेला.

"कोट घाल, म्हाताऱ्या. हॉस्पिटलात जायचंय."

"कुणाला काय झालंय?"

"आपल्या दोघांना."

आत्ता मी त्या हॉस्पिटलातच आहे, डेलच्या कोटाच्या खिशात. इथूनच तुमच्याशी बोलतोय. आधी वॉलीला आत बोलावलं, डेल सोबत गेला. डॉक्टर बाई शांत होत्या, घाई नव्हती.

"मिस्टर क्रॉशॉ, आज कोणता वार आहे?"

वॉलीने सवयीने डेलकडे पाहिलं. डेलचा हात खिशात आला आणि मला त्याने असं आवळलं की मी दुमडलो. त्याचे ओठ हलायला लागले होते. मला जाणवलं, शब्द अगदी दातांशी आला होता.

"सांग ना, पोरा," वॉली हळूच म्हणाला.

"नाही, वॉली. आज नाही सांगणार."

बाई थांबल्या. वॉली खिडकीबाहेर बघत राहिला, स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नाही ठाऊक, बाई. बरेच दिवस नाही ठाऊक." आणि हे सांगताच त्याचे खांदे खाली आले, जड पोतं उतरवून ठेवावं तसे.

बाहेर बाकावर दोघं बसले. थोड्या वेळाने नाव पुकारलं. हार्डकॅसल.

डेल उठला. वॉलीने त्याची बाही धरली. "मी येऊ का आत? काही अडलंच तर..."

डेल हसला. कितीतरी दिवसांनी हसला. "नको, म्हाताऱ्या. बस तू."

आता दार लागलंय. बाई समोर आहेत, आणि पहिला प्रश्न विचारून झालाय. माझं एवढंच मागणं आहे. तुमचंही कुणी असं खुर्चीत बसलं असेल, भाऊ, बाप, बरोबर खेळलेला मित्र, तर दाराच्या फटीतून ओठ हलवू नका. प्रेमाने नका, निष्ठेनेही नका. त्याला थांबू द्या. चुकू द्या.

डेल अजून काही बोललेला नाही. त्याची बोटं माझ्यावरून सैल झालीत. तो शोधतोय.